शेवटची ओळ

"घंटा थांबू देत," असं म्हणून श्रीरंगने कानावरचे हेडफोन काढले.

समोरच्या चर्चच्या घंटा सुरू झाल्या, की जर्मनीतल्या एर्लांगेनच्या त्या चिमुकल्या फ्लॅटमध्ये दुसरं काही ऐकू येत नसे. सुवार्ता गिटार मांडीवर घेऊन माइकपुढे तशीच बसून राहिली. तिच्यामागे कपाटाची दारं सताड उघडी होती, कारण हिवाळ्याचे जाडजूड कोट आवाज शोषून घेतात. खिडकीवर दुलई टांगली होती. घरघर नको म्हणून फ्रिजही बंद केला होता आणि आतलं दूध बिचारं नशिबावर सोडलं होतं.

"देव तुमचा, गाणं त्याचंच, आणि मधे कडमडतोय तोच," श्रीरंग म्हणाला.

एरवी ती हसली असती. आज तिचा हात नुसता गळ्याशी गेला. गळ्यातली गाठ उद्या सकाळी काढायची होती आणि त्यासाठी आज दुपारीच हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायचं होतं. आवाजाची नस गाठीला चिकटली आहे, हे डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. नस वाचेल ना, या प्रश्नाला त्यांनी "व्हर्शाइनलिश" असं उत्तर दिलं होतं. म्हणजे बहुतेक. तेव्हापासून श्रीरंगला त्या शब्दाची चीड येत होती.

सुवार्ता गाणी स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची आणि नवऱ्याला कामाला जुंपून घरीच रेकॉर्ड करायची. नगरच्या चर्चमध्ये लहानपणी टाळांवर म्हटलेल्या भजनांचा ठेका त्या गिटारमध्ये हमखास डोकावायचा. हे नवं गाणं मात्र भांडणाचं होतं. कडव्यामागून कडवं ती देवाला जाब विचारायची आणि अगदी शेवटी हात टेकायची: तुला हवं तसं होऊ दे, बापा.

त्या ओळीशीच सकाळपासून घोडं अडत होतं.

घंटा थांबल्या. श्रीरंगने हेडफोन चढवले आणि मान हलवली. ती गाऊ लागली. भांडण झकास जमलं. असा आवाज त्याने तिचाही कधी ऐकला नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला. शेवटची ओळ आली. "तुला" एवढंच उमटलं आणि ती थांबली.

"सोड. ती ओळ वेगळी गा, मी बेमालूम जोडतो," तो म्हणाला.

"नको. जोडकाम नको."

"मग ओळच बदल ना! गाणं तुझं आहे, कोण विचारतंय?"

"बदलून काय लिहू? मला हवं तसं होऊ दे?"

"हो! त्यात काय चुकलं?" त्याचा आवाज चढला. रविवारी इथे आवाज चालत नाही, खालच्या आजी दार वाजवतील, हे आठवून त्याने तो कसाबसा खाली आणला. "सुवा, आणि त्याला हवं तेच उद्या झालं तर? तुझा आवाजच हवा असला त्याला, तर?"

हे बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. दोन आठवडे तोंडात कोंडून ठेवलेलं आज निसटलं. आता ती रडेल, नाहीतर संतापेल, या भीतीने तो केबलशी चाळा करत राहिला.

ती रडली नाही. "तेच तर म्हणवत नाहीये रे," ती हळूच म्हणाली. "बाकी सगळं म्हणता येतं. भांडताही येतं. हेवढंच येत नाही."

देवाशी श्रीरंगचा संबंध दिवाळीत दिवा लावण्यापुरता. आईने फोनवरून सांगितलेलं स्तोत्रही त्याने म्हटलं नव्हतं. तिच्या देवावर रागावण्याचा आपल्याला काय हक्क, असं त्याला वाटायचं, आणि तरी तो रागावलेला होता.

"अजून एकदा घे," ती म्हणाली.

या खेपेला ती कुठेही अडली नाही. शेवटच्या ओळीपाशी आली आणि तिने ओठ मिटले. बोटं मात्र थांबली नाहीत. ओळीभर नुसती गिटार वाजली, एकही स्वर न चुकता. मग तिने तारांवर तळहात ठेवला.

"हे ठेव. ही ओळ मोकळीच राहू दे. परत आले की म्हणेन."

"आणि नाहीच आलं म्हणता, तर?"

दाराशी भरलेली बॅग होती आणि बसची वेळ होत आली होती. सुवार्ताने गिटार त्याच्या हातात दिली.

"मग तू म्हण," ती म्हणाली. "पण खोटं खोटं म्हणू नकोस."