मुकादमाची मिशी

“मिशी बी?” सटवानं विचारलं.

“मिशी बी, दादा. डोकं आणि मिशी, दोन्ही. कॅमेऱ्यापुढं,” त्याचा पोरगा अंगद म्हणाला.

सटवानं नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्याला आठवडा झाला होता. “मी मेलोय का आजून?”

बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, हे अंगदला ठाऊक होतं. पण पंचवीस वर्षं काम न मिळालेल्या नटाला असले नियम जरा सैल व्हावेत असं वाटतं.

नवव्या वर्षी त्यानं सिनेमात ऊसतोड कामगाराच्या पोराचं काम केलं होतं. त्या पोराचं नाव टिल्या. “आई, भाकर बारकी झाली का मी मोठा झालो?” एवढ्या एका वाक्यावर अख्खा महाराष्ट्र रडला. मग महाराष्ट्रानं डोळे पुसले आणि तो आपल्या कामाला लागला. टिल्या मोठा झाला, हे काही कुणी मनावर घेतलं नाही. लग्नात, खताच्या दुकानाच्या उद्घाटनात लोक अजून त्याच्या हातात माईक द्यायचे. चौतिशीचा, पोट सुटलेला अंगद आईला भाकर मागायचा आणि पंगत हसायची.

आता दिग्दर्शिका मंजुषामॅडमनी त्याला मुकादमाचं काम दिलं होतं. ओल्या बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी उसाच्या फडात उभी करणारा मुकादम. “तुम्हाला बघून लोकांना आजवर दया आली,” त्या म्हणाल्या होत्या, “आता थुंकावंसं वाटलं पाहिजे. जमेल?” शेवटी या मुकादमाचा बाप मरतो आणि दहाव्याला तो स्वतःच्या हातानं डोकं आणि मिशी भादरतो. विग चालणार नव्हता, कारण कॅमेरा वीतभर अंतरावर असणार होता.

सटवाचा नकार मॅडमपर्यंत पोचला. बाई समजूतदार होत्या. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी ठरलेला तो भादरण्याचा सीन त्यांनी उचलून थेट बाविसाव्या, म्हणजे शेवटच्या दिवसावर टाकला. तेवढ्यात म्हातारा बरा होऊन घरी येईल, मग त्याची समजूत काढू, असं ठरलं. उमापूरच्या शिवारात शूटिंग सुरू झालं.

सहाव्या दिवशी सटवा गेला.

मॅडमनी फोनवर आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाल्या, “दहा दिवस मी बाकीच्यांचे सीन घेते. पण पुढचं तुमचं सगळं काम केसांसकट, मिशीसकट आहे. दहाव्याचं काय ते तुम्ही ठरवा. मी बोलणं बरं नाही. पण तुम्ही काढलीत, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

अंगदनं तिथंच ठरवलं. मी काढणार नाही, असं त्यानं ओसरीवर बसलेल्या भावकीला सांगून टाकलं.

“बापापरीस पिच्चर मोठा झाला व्हय बे, टिल्या?” चुलतभाऊ अजिनाथ म्हणाला.

“काढणार न्हाई. ज्याला जे म्हणायचंय ते म्हणा.”

लोक म्हणाले. नऊ दिवस म्हणत राहिले. अंगदही नऊ दिवस तेच एक वाक्य म्हणत राहिला. पाठांतर त्याचं पहिल्यापासून चांगलं. साखराआत्या फक्त काही बोलली नाही. दवाखान्यात सटवाच्या उशाशी शेवटपर्यंत तीच होती. चुलीपाशी बसून ती ऐकायची आणि लाकूड आत सारायची. अजिनाथच्या शिव्यांपेक्षा तिच्या त्या गप्प बसण्याचीच अंगदला जास्त धास्ती वाटायची.

दहाव्याला पुरुषमंडळी नदीवर गेली. बायका चालीप्रमाणं घरी थांबल्या. सुग्रीव न्हाव्यानं दगडावर बैठक मांडली आणि भावकी एकेक करून त्याच्यापुढं बसायला लागली. तासाभरात पंधरा डोकी तुळतुळीत झाली. अजिनाथनं तर मिशीही दिली. पुतण्यानं दिली, पोरगा केसांचा भांग सांभाळत उभा.

सगळे नुसते बघत होते. मॅडमना हवी होती तीच नजर, पंधरा जणांच्या डोळ्यांत, एकही तालीम न करता.

अंगदला ती सोसली नाही. तो सुग्रीवपुढं जाऊन बसला. “काढा. मिशी बी.”

वस्तरा फिरला. कुणीतरी मागून “शाब्बास” म्हणालं. नदीच्या पाण्यात अंगदनं तोंड पाहिलं. ओठ उघडा पडला होता, गाल गुबगुबीत दिसत होते. मिशीखालून टिल्या निघाला होता.

मॅडमना त्यानं तिथूनच फोन केला. त्या रागावल्या नाहीत. “समजू शकते,” एवढंच म्हणाल्या आणि सोलापूरचा एक नट नजरेत असल्याचंही बोलून गेल्या.

मंडळी घरी आली. साखराआत्या दारात पायांवर पाणी घालायला उभी होती. तिनं अंगदच्या तोंडाकडं पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

“हे कावून केलंस रं?”

“दादांसाठी.”

“त्यो तर दवाखान्यात हेच घोकत हुता. मी मधीच गेलो तर पोराला म्हणावं, मिशीला हात लावू नको. लोकं शिव्या देतील, देऊ दी. त्येचं काम चांगलं हाय, म्हणला.”

अंगदचा हात उघड्या ओठावर गेला. “मग नऊ दिवस बोलली का नाहीस, आत्या?”

“तू काढणार न्हाई, काढणार न्हाई म्हणत हुतास,” साखराआत्या म्हणाली. “मला वाटलं, त्यो तुलाबी सांगून गेलाय.”