बिनवासाचा गोठा

चंद्री गाईनं शिंगं खाली घातली आणि आपल्याच वासराला गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. वैजू मध्ये पडली, तर लाथ तिच्या मांडीवर बसली.

"वैजे, सरक! तुलाबी मारंल ती," सासू दारातून ओरडली. "सकाळी याला चाटून चाटून कोरडं केलं, आन् आता वैरीण झाली व्हय गं?"

"आत्याबाई, तिला ते आपलं वाटंना झालंय. वासच उरला नाही त्याला."

शेणातून गॅस सुटू नये म्हणून वैजू रोज आपल्या हातानं जंतूंची पावडर गोठ्यात फेकायची. गॅस थांबला, घाण गेली, माश्या गेल्या. पण यंदाचे नवे जंतू शेणावर थांबले नाहीत. ज्याला चिकटले, त्याचा वास खाऊ लागले.

वैजूनं चंद्रीचा चीक पिळून वासराच्या पाठीवर ओतला. चंद्रीनं हुंगलं, ती हळू हंबरली, चाटू लागली. वैजूला रडूच आलं. पण चाटता चाटता चंद्री थबकली, फुसफुसली, आणि तिचं शिंग वासराच्या पोटात घुसलं. वासरू पुन्हा उठलं नाही.

घरात तान्हा भुकेनं रडत होता. वैजूनं गरम पाण्यानं अंग खसाखसा धुतलं आणि त्याला पदराखाली घेतलं.

"ये रे माझ्या सोन्या."

त्यानं छातीशी नाक नेलं, हुंगलं, तोंड फिरवलं. मग इवल्या मुठींनी तिला मारत तो किंचाळू लागला, कुणा परक्या बाईनं उचलून न्यावं तसा.