समोरचा कठडा

टोकनचा नंबर बघून चंद्रावतीने मान वळवली, तर कमळाकर खुर्चीत नव्हता.

त्याला एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हयातीच्या दाखल्यासाठी विचुंब्याहून दोघांनाच यावं लागलं होतं, आणि खिडकीशी जाऊन यायला तिला दोनच मिनिटं लागली होती. पनवेलच्या या नव्या नागरी भवनाचं सगळ्या गावाला कौतुक. मधे तळमजल्यापर्यंत उघडा चौक, भोवती प्रत्येक मजल्यावर सज्जा, आणि सज्ज्याला काचेचा कठडा. पुसून इतका लख्ख ठेवलेला, की लांबून दिसूच नये.

कमळाकर चौकाच्या पलीकडे, याच तिसऱ्या मजल्यावर, अगदी कडेला उभा होता. एका पायात चप्पल नव्हती.

चंद्रावतीच्या पुढ्यात काच होती. तिने मघाशी हात लावून पाहिली होती. पलीकडेही असणारच. पण तिला दिसत होता फक्त नवरा, आणि त्याच्या पायापाशी संपलेली फरशी.

त्यानेही तिला पाहिलं. हात पुढे करून तो सरळ तिच्याकडे निघाला.

"अवो, मागं व्हा! मागं!"

खालच्या गोंगाटात तिचा आवाज कुठल्या कुठे विरला. तो काचेवर आपटला, मागे सरला, पुन्हा आपटला. काहीतरी ओरडत होता. ती कठड्यावरून ओणवी होऊन दोन्ही हातांनी त्याला मागे लोटल्यासारखं करू लागली. तसा तो जास्तच पिसाळला. त्याने काचेवरून पलीकडे टाकायला एक पाय उचलला.

तेवढ्यात एका सिक्युरिटीवाल्याने त्याला कंबरेला धरून मागे ओढलं.

मग ती धावली. लिफ्टला वळसा घालून, दुखरे गुडघे ओढत, धापा टाकत पोचली.

"आजी, तुमचेच का हे?" सिक्युरिटीवाला घामाघूम झाला होता. "आवरतच नव्हते. एकच लावलंय, माझी चंद्रावती पडंल, तिच्याफुडं कठडाच नाय!"

चंद्रावती जागीच थबकली. सात महिन्यांत त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. डोक्यातलं सगळं पुसत चाललं होतं. घरात तिला तो परक्या बाईसारखी हाक मारायचा. आणि आज तो तिला वाचवायला निघाला होता.

तिने त्याचा हात घट्ट धरला. "अवो, मी नाय पडली. ही बगा, हितं हाय मी."

कमळाकरने हात सोडवून घेतला. ती मघाशी उभी होती त्या समोरच्या रिकाम्या जागेकडे तो बघत होता. डोळे घळाघळा वाहत होते.

"बाय," तो तिला म्हणाला, "जरा खाली जाऊन बग गो. पडली माझी चंद्रावती."