गुरुबळ

जुने रेडिओ विकणाऱ्या दुकानदाराच्या गच्चीवर संध्याकाळी हेमांगीने दोन शॉर्टवेव्ह रेडिओ नापास केले आणि तिसऱ्याला एरियल म्हणून कपडे वाळत घालायची तार जोडली. नानांचा धीर सुटत चालला होता. पहिल्या दोन्हींवर गाणी खणखणीत लागत होती, पण त्यांची लेक नेमकी एकही स्टेशन नसलेल्या जागी काटा नेऊन कान लावायची.

“आटप. ज्योतिषीबुवा वाट बघताहेत.”

“ते तेच सांगणार, नाना. गुरुबळ नाही, लग्न लांबणार.”

तेवढ्यात तिसऱ्याच्या खरखरीतून लाट उठली. मग दुसरी, तिसरी. खडकावर समुद्र फुटावा तशी. दुकानदाराच्या हातातला चहा हातातच राहिला.

“हे कुठलं स्टेशन?” नानांनी विचारलं.

हेमांगीने पूर्वेला नुकत्याच उजळलेल्या ठळक ठिपक्याकडे बोट दाखवलं. “तो गुरू. साठ कोटी किलोमीटरवरून येणाऱ्या त्याच्या रेडिओलहरींचा हा आवाज.”

नानांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या आणि हात जोडले. लाटा येतच राहिल्या.

“हाच द्या,” ते दुकानदाराला म्हणाले. “ज्योतिषीबुवांकडे घेऊन जायचाय. गुरू काय म्हणतो ते आज आम्ही त्यांना ऐकवतो.”