दुसरा आराखडा

दोन्ही आराखडे शेजारी ठेवताच फरहानच्या तोंडचं पाणी पळालं.

लातूरच्या एका निवासी क्लासचं प्रवेशाचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. कुठला भाग कुणाला काय कळवतो, तो मोठा आराखडा. ज्यावरून त्याची सहकारी नाजिया प्रोग्रॅम लिहायची, तो बारीक. एकात काही बदललं की त्याच दिवशी दुसऱ्यातही बदलायचं, हा नियम त्यानेच घातलेला. मोडलाही त्यानेच. निवडीचा मेसेज पालकांबरोबर विद्यार्थ्यालाही जावा, हा बदल त्याने मोठ्यात केला आणि बारीक आराखड्यात विसरला. मेसेज फक्त पालकांना गेले.

बाकीच्यांना पालकांनी सांगितलं, निभावलं. किल्लारीची स्वप्नाली तेवढी प्रवेशाला आलीच नाही.

"खेड्यातला माणूस, मेसेज कुठला उघडतोय," नाजिया म्हणाली. "पण पोरीचं वर्ष गेलं की रे."

क्लासच्या मालकांचे फरहानने पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, तेव्हा एक जागा सोमवारपर्यंत मिळाली. फोन करून मोकळं होता आलं असतं, पण त्याला समोर उभं राहून माफी मागायची होती. जीपने तो किल्लारीला पोचला.

स्वप्नालीचे वडील, गुरुपादप्पा, ओसरीवर पेपर वाचत होते. पोरगी दारात, डोळे सुजलेले. फरहानने सगळं सांगितलं, हातचं काही राखलं नाही.

"म्हंजे माझं नाव लागलं होतं?" स्वप्नाली रडतच हसली आणि बॅग भरायला आत पळाली.

"हॉस्टेल किती मजली हाय?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"चार."

"हिची थोरली बहीण त्र्याण्णवच्या भूकंपात भिंतीखाली गेली. ही नंतरची."

फरहानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, माझ्यामुळं तिनं आठ दिवस रडून काढले. माफ करा."

"हाव, लई रडली. जेवली बी न्हाई." ते त्याला जीपपर्यंत पोचवायला आले. "जाऊ द्या तिला आता. बघवंना."

फरहानला जरा हायसं वाटलं. त्याने हात जोडले.

गुरुपादप्पांनी एकदा घराकडे वळून पाहिलं. "एक करा, साहेब. तिनं कधी बी विचारलं तर चूक तुमचीच म्हणा. मेसेज आला त्याच दिवशी मी वाचलता."