काटदरे फिनलंडला

मिरजेच्या घरात सोफ्यावर बसून काटदरे फोनवर तिसऱ्यांदा सांगत होते, की टीव्हीवरचे सगळे मराठी चॅनेल गायब आहेत, नुसता बर्फ दिसतोय आणि आज बायकोच्या मालिकेत लग्न आहे.

"सर, आमच्या सिस्टिमप्रमाणे तुम्ही फिनलंडला आहात," कस्टमर केअरची मुलगी म्हणाली.

काटदरेंनी खिडकीतून पाहिलं. समोर पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. "तसं वाटत नाही हो."

"लोकेशन बदलते. लाइनवर राहा."

तेवढ्यात बायकोचा मोबाइल वाजला. काटदरेंची थोरली बहीण होती. "महिनाभर राहायला येतेय गं. घरी आहात ना?"

बायकोने टीव्हीवरच्या बर्फाकडे पाहिलं. "नाही हो वन्सं, आम्ही फिनलंडला आहोत. कंपनीसुद्धा तेच म्हणतेय."

इकडे मुलगी आनंदाने म्हणाली, "सर, तुम्ही मिरजेत परत आलात!" पडद्यावर सनई वाजली, नवरी बोहल्याकडे निघाली.

बायकोने डोळे भरून नवरीला पाहिलं आणि नवऱ्याच्या हातून फोन घेतला. "पोरी, आम्हाला महिनाभर तिकडेच राहू दे."

नवरीने माळ उचलली, तोच बर्फ पडू लागला. काटदरे उठले आणि कानटोपी शोधू लागले.