गरम खडा

आजारी आईच्या मुठीत ताईने स्फटिकाचा खडा दिला होता. "धरून पडून राहा, बरं वाटेल," असं बजावून ती आपल्या घरी गेली.

संध्याकाळी धाकटा भाऊ दुकानातून आला. रत्नपारखी माणूस, घरातली वाटीसुद्धा वाजवून घ्यायचा. त्याने आईच्या मुठीतून खडा काढला, गालाला लावला आणि तिथल्या तिथे ताईला फोन केला.

"ताई, टोपी घातली तुला कुणीतरी. खरा स्फटिक गार लागतो. हा चांगला गरम आहे. काच आहे नुसती!"

"मी बघून घेतला होता रे," ताई पुटपुटली.

"असू दे, काच तर काच," आई डोळे मिटूनच म्हणाली. "तिने आणलाय ना? दे इकडे."

"खोट्याला काय कवटाळून बसायचं?" त्याने खडा ड्रॉवरमध्ये टाकला आणि तो जेवायला उठला.

सकाळी आईला दवाखान्यात न्यावं लागलं. "अंग भाजतंय यांचं. ताप कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. आई घरी परतली नाही.

सगळं आटोपल्यावर त्याने ड्रॉवर उघडला. खडा बर्फासारखा गार होता. काचेच्या तुकड्यावर ओढून पाहिला, तर काचेवर लख्ख ओरखडा उठला.

त्याने ताईला फोन लावला. "ताई, तुझा खडा खरा होता गं."

"मग त्या दिवशी गरम कसा लागला रे?"